पडद्याची निळी झाक

मी एक जुना निळा पडदा आहे. संगमनेरच्या बाजारपेठेत भांड्यांच्या एका दुकानावर गोरक्ष फोटोग्राफरचा स्टुडिओ आहे. तिथल्या भिंतीवर मी तेरा वर्षं टांगलेला होतो. सध्या माझी चौघडी करून मला कॉम्प्युटरवर टाकलं आहे, धूळ बसू नये म्हणून. दोन हजार साल लागायला थोडेच दिवस राहिले आहेत आणि त्या रात्री जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार, अशी बोलवा आहे. माझ्या खालचा हा एक बंद पडला तर मला वाईट वाटणार नाही. का, ते सांगतो.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी संगमनेरात परीक्षेच्या फॉर्मसाठी फोटो काढून घेतला असेल, तर तुमच्या कानामागे जो निळा रंग दिसतो, तो मी. तुम्ही मला ओळखणार नाही, आणि त्यात तुमची काही चूक नाही. पडद्याकडे कुणाचं लक्ष गेलं तर पडद्याचं काम बिघडलं असं समजायचं. मी ते काम नीट केलं. म्हणून तेरा वर्षांत माझं नाव कुणी काढलं नाही. एकदाच निघालं, आणि तेही दोष द्यायला.

मालेगावच्या मागावर मी मांजरपाट म्हणून विणला गेलो, तेव्हा मी पांढरा होतो. गोरक्षनं मला बाजारातून आणलं, रंगाऱ्याकडून निळा करून घेतलं आणि रुंदीला दोन तुकडे जोडून शिंप्याकडे शिवायला टाकलं. त्यामुळे माझ्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक शिवण आहे. फोटोत शिवण दिसली तर बरं दिसत नाही. म्हणून गोरक्ष गिऱ्हाइकाला असं बसवायचा की त्याचं डोकं बरोबर शिवणीवर यावं. हजारो डोक्यांनी माझं हे व्यंग झाकलं आहे. मी त्या सगळ्यांचा आभारी आहे.

गिऱ्हाइकं मला पाठमोरीच माहीत. पण समोरच्या भिंतीवर आरसा होता, त्यात मला त्यांचे चेहरे दिसायचे. आमच्या भागात फोटो म्हणजे श्वास रोखून धरायचा, अशी लोकांची पक्की समजूत. रस्त्यावर मोठमोठ्यानं बोलणारा माणूस दिवा लागला की खांबासारखा ताठ व्हायचा. गोरक्ष म्हणायचा, जरा हसा. मग तो माणूस दात दाखवायचा आणि डोळ्यांनी घाबरायचा.

पण गोरक्षचं खरं नाव झालं ते टचिंगसाठी. काचेखाली दिवा लावून, त्यावर निगेटिव्ह ठेवून, टोकदार पेन्सिलीनं तो माणसाच्या चेहऱ्यावरचं नको ते सगळं घालवायचा. देवीचे वण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कपाळावरची खोक. त्यानं कुणाला फसवलं नाही, हे आधीच सांगतो. लोकच तसं मागायचे. भिंतीवर लावायचा फोटो चांगला दिसला पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. एका म्हाताऱ्यानं बायकोचा शेवटचा फोटो आणला होता, तिचे डोळे मिटलेले. गोरक्षनं ब्रशनं ते उघडून दिले. म्हातारा फोटो छातीशी धरून जिना उतरला. मला त्या दिवशी गोरक्षचा अभिमान वाटला होता. अजूनही त्याला मी वाईट माणूस म्हणणार नाही.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा गोरक्षचा भाचा सचिन नाशिकहून कॉम्प्युटर शिकून आला. आरशाच्या बाजूला टेबल मांडून त्यानं आपलं यंत्र बसवलं. व्हिडिओ कॅमेऱ्याची वायर त्याला जोडली की चालतंबोलतं माणूस त्या पेटीत उतरायचं. गोरक्षला ते पटायला दोन महिने लागले. पटल्यावर मात्र तो येईल त्या गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवून ते दाखवू लागला.

सचिनचा एक मित्र होता, पंकज. कोल्हारच्या भीमाबाईंचा मुलगा. भीमाबाईंनी जन्मभर दुसऱ्यांच्या उसात आणि कांद्यात खुरपणी केली. नवरा लवकर गेला. मुलगी यशोधरा मास्तरीण झाली, धाकटा पंकज इंजिनिअर झाला आणि अमेरिकेत गेला. दोन हजार साल लागताना कॉम्प्युटर बंद पडू नयेत म्हणून जी माणसं तिकडे रात्रंदिवस काम करत होती, त्यांत हा एक. जानेवारीपर्यंत त्याला सुट्टी नव्हती. इंटरनेटवर त्यानं स्वतःचं एक पान केलं होतं. त्या पानावर त्याला आई हवी होती. नुसता फोटो नको, हलणारी आई. पान उघडलं की आईनं हात जोडून जय भीम म्हणावं. सचिनला त्यानं लिहिलं होतं की चेहरा स्पष्ट दिसू दे, पण फाइल दीडशे केबीच्या वर जाऊ देऊ नकोस, नाहीतर पान उघडायला फार वेळ लागतो.

आता एक गोष्ट मला पुढे कळली, पण तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो. भीमाबाईंच्या हृदयाची एक झडप खराब झाली होती. नगरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं आणि उशीर करू नका म्हणूनही सांगितलं होतं. भीमाबाईंचा हट्ट असा की पंकज जवळ असल्याशिवाय टेबलावर झोपणार नाही, आणि पंकजला मात्र काम अर्धवट टाकून बोलवायचं नाही. यशोधरेला त्यांनी बजावलं होतं की भावाला आजाराचं एक अक्षर जरी लिहिलंस तर मी गोळ्या बंद करीन. त्या तसं करतील, हे यशोधरेला ठाऊक होतं. म्हणून पंकजनं आईचं हलणारं चित्र मागितलं तेव्हा तिला वाट सापडली. आपण लिहायचं नाही. पण त्याला दिसलं तर? दोन वाक्यं बोलली की आईला दम लागतो, ओठ निळे पडतात. मुलगा बघेल आणि पहिल्या विमानानं येईल. यशोधरेचा सगळा भरवसा त्या कॅमेऱ्यावर होता. कॅमेरा असेल ते दाखवतो, असं तिला वाटत होतं.

मार्चमधला रविवार होता. मायलेकी कोल्हारहून लोणीमार्गे एसटीनं आल्या. आमच्या जिन्याला बावीस पायऱ्या आहेत. भीमाबाई वर पोचल्या आणि बाकावर बसून राहिल्या. त्यांनी फक्त हातानं खूण करून सांगितलं, थांबा. गोरक्ष म्हणाला, ऊन फार आहे मावशी.

भीमाबाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती. चौदा एप्रिलला मिरवणुकीला नेसायची, गडद निळी. मुलगा आपल्याला त्याच साडीत बघणार, हे त्यांनी घरूनच ठरवलं होतं. ती आता त्यांच्या अंगावर ढगळ झाली होती. खांद्याची हाडं वर आली होती आणि पदर सारखा घसरत होता. त्या साडीत त्या किती वाळल्या आहेत, हे कुणालाही कळलं असतं.

पण सचिनची रीत अशी होती. माणूस माझ्यापुढे उभा करायचा, चित्र घ्यायचं, मग कॉम्प्युटरला सांगायचं, निळं असेल तेवढं काढून टाक. म्हणजे मी जातो आणि माणूस मोकळा उरतो. मागे काही नसलं की फाइल हलकी होते. त्यानं नमुन्याला थोडं चित्र घेतलं आणि यंत्राला निळं काढायला सांगितलं. मी तर गेलोच, पण साडीही गेली. कॉम्प्युटरच्या काचेवर उरलं फक्त भीमाबाईंचं डोकं आणि हवेत तरंगणारे दोन हात.

भीमाबाई उठून बघायला आल्या. "माझं धड कुठं गेलं रं, सचिन?" त्यांनी विचारलं, आणि मग त्यांना हसू आवरेना. हसता हसता दम लागला आणि पुन्हा बाकावर बसावं लागलं. सगळेच हसत होते. मीही मनातल्या मनात हसलो, खोटं कशाला सांगू?

मग तोडगा निघाला. यशोधरा कांजी केलेली, कडक इस्तरीची पिवळी साडी नेसून आली होती. आतल्या खोलीत जाऊन दोघींनी साड्या बदलल्या. बाहेर आल्या त्या भीमाबाई वेगळ्याच होत्या. कांजीमुळे साडी अंगाभोवती फुगली होती, हाडं झाकली गेली होती आणि पिवळ्या रंगानं चेहऱ्यावर उजेड आला होता. गोरक्ष म्हणाला, मावशी, दहा वर्षांनी लहान झालात. यशोधरेचा चेहरा क्षणभर पडलेला मी आरशात पाहिला. पण ओठ काही साडीनं झाकले जात नाहीत, असा विचार तिनं केला असावा. उजेड बघायला सचिननं तिलाच आधी माझ्यापुढे उभं केलं, थोडं चित्र घेतलं आणि मग भीमाबाईंना बोलावलं.

भीमाबाई शिवणीवर उभ्या राहिल्या आणि त्यांनी श्वास धरला. त्यांच्या आयुष्यात दोनच फोटो निघाले होते आणि दोन्ही वेळा हलू नका म्हणूनच सांगितलं होतं. सचिन म्हणतोय हला, आणि या खांबासारख्या. तीनदा तसंच झालं. शेवटी गोरक्ष कॅमेऱ्याच्या बाजूला येऊन म्हणाला की पंकज आत्ता तुमच्या समोर उभा आहे असं समजा. भीमाबाईंनी समोर पाहिलं. खांदे सैल झाले, हात वर आले.

"जय भीम, बाळा," त्या म्हणाल्या. "मी बरी हाय. माझी काळजी करू नको."

एवढंच बोलणं झालं आणि दम लागला. खोकला आला, सगळं अंग हलायला लागलं. तोल जाईल असं वाटून त्या बाजूला झुकल्या, हात मागे टाकला आणि माझी कड मुठीत धरली. त्या मुठीत फार जोर नव्हता. आरशात त्यांचे ओठ मला दिसले. ते माझ्याच रंगाचे झाले होते.

गोरक्ष कॅमेरा बंद करायला पुढे झाला.

"राहू द्या," यशोधरा म्हणाली. "चालू राहू द्या."

तिची नजर आईवर नव्हती. कॅमेऱ्यावरच्या लाल दिव्यावर होती. आपल्या आईला खोकू देऊन ती तो दिवा बघत उभी राहिली. तिला मन किती घट्ट करावं लागलं असेल, ते मला तेव्हा समजलं नाही. मला ती कठोर वाटली.

मग भीमाबाईंना स्टुलावर बसवलं. यशोधरा रिक्षा बघायला खाली गेली, सचिन चहा सांगायला गेला आणि गोरक्ष दिवे काढून आतल्या खोलीत ठेवायला लागला. कॅमेरा बंद करायचं सगळ्यांच्याच डोक्यातून गेलं. भीमाबाई उठल्या आणि माझ्या कडेला आल्या. मघाशी मुठीत धरल्यानं मी चुरगळलो होतो. आपण कुणाचं तरी कापड खराब केलं, हे त्यांना बरं वाटलं नसावं. तळहातानं त्या मला सारखा करत राहिल्या आणि स्वतःशीच हळू आवाजात दोन वाक्यं बोलल्या. ती मी ऐकली. दुसऱ्या कुणीच ऐकली नाहीत, असं मी बरेच दिवस समजत होतो.

त्यानंतर तीन दिवस सचिन टेबलापाशी बसून होता. त्याचं काम मी जवळून पाहिलं, म्हणून सांगू शकतो. जे हलत नाही ते यंत्र एकदाच लिहून ठेवतं. जे हलतं ते प्रत्येक वेळी नव्यानं लिहावं लागतं. म्हणून स्थिर माणूस हलका आणि हलणारा माणूस जड. जय भीम म्हणताना फक्त हात हलत होते, तेवढं परवडत होतं. खोकताना सगळं अंग हलत होतं. दोन दिवस त्यानं खोकल्याआधीचं आणि नंतरचं असं सगळं बसवून पाहिलं. फाइल नऊशे केबीच्या खाली येईना. मग त्यानं आवाज काढला. रंग कमी केले. शेवटी खोकला काढला, मागे गेलेला हात काढला, मी तर आधीच निघालो होतो. हात जोडणं, मान जराशी लववणं आणि हात सोडणं, एवढी अठरा चित्रं उरली. ती एकामागून एक फिरवली की भीमाबाई जय भीम करायच्या, आणि पुन्हा करायच्या, आणि पुन्हा.

त्याच वेळी एक विचित्र गोष्ट झाली. यंत्राला निळं काढायला सांगितलं होतं आणि त्यानं सांगितल्यासारखं सगळं निळं काढलं. भीमाबाईंच्या ओठांत भोकं पडली. नखांच्या जागीही भोकं. हात आणि चेहरा ठीक, पण ओठ नाहीत आणि नखं नाहीत. सचिन बुचकळ्यात पडला. त्यानं गोरक्षला बोलावलं. गोरक्षनं चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाला, "पडद्याची निळी झाक पडलीय. टचिंग करून टाक."

मित्रांनो, माझं नाव निघालं ते हे असं. माझी झाक पडली नव्हती. मी भीमाबाईंपासून दोन हात मागे होतो. ते निळं त्यांचं होतं, आतून आलेलं, खोकल्याच्या आधीपासूनच. त्या यंत्राला ना डोळे ना डॉक्टरी, पण तेवढं एक त्यानं बरोबर पकडलं होतं. मी ओरडून सांगितलं असतं. पण पडद्याला तोंड नसतं.

सचिननं अठराही चित्रांत ओठ भरले. रंग कुठून घ्यावा, असा प्रश्न होता. मग त्याला आठवलं की उजेड बघताना यशोधरेचं चित्र घेतलं होतं. त्याच उजेडातले, त्याच घरातले ओठ. तिच्या ओठांचा रंग उचलून त्यानं आईच्या ओठांत भरला. नखांतही भरला. काम इतकं सुबक झालं की गोरक्षनं भाच्याच्या पाठीवर थाप मारली. फाइल भरली एकशे शेहेचाळीस केबी. सचिननं ती पाठवून दिली.

चौथ्या दिवशी पंकजचं उत्तर आलं. सचिननं ते मामाला वाचून दाखवलं. आई किती छान दिसते, अंगानं भरली आहे, मी उगाच काळजी करत होतो, आता जानेवारीपर्यंत निर्धास्तपणे काम करतो, असं लिहिलं होतं. दोघांना फार समाधान वाटलं. त्यांचं समाधान खरं होतं. त्यांनी एका मुलाला आनंद दिला होता आणि त्या बदल्यात काहीही घेतलं नव्हतं.

कोल्हारमध्ये इंटरनेट नव्हतं. यशोधरेनं ते चित्र पाहिलंच नाही. पंकजनं तिला फोनवर एवढंच सांगितलं की आईला पाहिलं, बरं वाटलं. ती रिसीव्हर कानाला धरून तशीच उभी राहिली. यानं पाहिलं आणि याला बरं वाटलं? त्या दिवसापासून ती भावाशी तुटक बोलू लागली. तीन महिने तिच्या मनात भावाविषयी जे होतं ते मी इथे सांगत नाही. जून महिन्यात एका सकाळी भीमाबाई चुलीपुढे बसल्या होत्या, त्या तिथेच आडव्या झाल्या. पंकज चौथ्या दिवशी पोचला. तोवर सगळं उरकलं होतं.

पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर दोघं बहीणभाऊ आमचा जिना चढून आले. पंकज उंच, अंगानं बारीक होता. तो बाकावर बसला, बरोबर जिथे त्याची आई बसली होती तिथे. त्याला मूळ कॅसेट हवी होती. आईचा आवाज त्यात असेल, असं तो म्हणाला. यशोधरा त्याच्यापासून लांब उभी होती. बोलावं की नाही असं तिचं चाललेलं दिसत होतं. शेवटी तिनं विचारलंच.

"तुला दिसलं नव्हतं का रे?"

"काय दिसायचं होतं, ताई?"

यशोधरेनं सचिनकडे पाहिलं. सचिननं कॉम्प्युटर चालू केला आणि ती फाइल उघडली. पिवळ्या साडीतल्या भीमाबाईंनी हात जोडले, मान लववली, हात सोडले. पुन्हा जोडले. यशोधरा पुढे आली, अगदी काचेजवळ. बराच वेळ ती बघत होती.

"हे ओठ आईचे न्हाईत," ती म्हणाली.

सचिननं मान खाली घातली. मग त्यानं सगळं सांगितलं, भोकं कशी पडली आणि रंग कुणाचा घेतला ते. काही लपवलं नाही. गोरक्ष म्हणाला, आम्हाला वाटलं पडद्याची झाक... आणि त्याचं बोलणं तिथेच थांबलं. त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं. तेरा वर्षांत तो मला असा पहिल्यांदाच बघत होता. यशोधरा भावाजवळ जाऊन बाकावर बसली आणि तिनं त्याचा हात धरला. ती म्हणाली की मी तीन महिने तुला मनातून शिव्या दिल्या. पंकज रडत नव्हता, आणि ते बघणं जास्त अवघड होतं.

गोरक्षनं खणातून कॅसेट काढली. तिच्यावर चिकटवलेला कागद वाचून त्याचा चेहरा उतरला. पाठीमागची प्लॅस्टिकची टिकली मोडली की कॅसेटवर दुसरं काही उतरत नाही, हे प्रत्येक शूटिंगवाल्याला माहीत असतं. भीमाबाईंच्या कॅसेटची टिकली मोडायची राहून गेली होती. मे महिन्यात घाईगर्दीत त्याच कॅसेटवर कुणाचं तरी बारसं उतरलं होतं. त्यानं हात जोडले आणि पंकजला तसं सांगितलं.

पंकज म्हणाला, तरी लावा.

मग चौघांनी टीव्हीसमोर बसून ते बारसं पाहिलं. पाळणा, फुगे, नटलेल्या बायका, कानात कुर्र करणारी आत्या. अठरा मिनिटं. कुणी जागचं उठलं नाही. बाळाचं नाव ठेवलं गेलं, पेढे वाटले गेले, आणि चित्र तुटलं. आडव्या रेघा धावल्या, खरखर झाली. गोरक्ष उठायला लागला, तेवढ्यात टीव्ही सगळा निळा झाला.

तो मी होतो. बारसं अठरा मिनिटांत आटोपलं होतं आणि भीमाबाईंचं शूटिंग त्याहून थोडं लांबलं होतं. त्यांचं सगळं पुसलं गेलं होतं. उरला होता तो शेवट, जेव्हा दिवे काढले होते, माझ्यापुढे कुणीच नव्हतं आणि कॅमेरा चालूच राहिला होता. चित्रात मी एकटा असा पहिल्यांदाच दिसलो. मधोमध शिवण होती आणि ती झाकायला कुणाचं डोकं नव्हतं. डाव्या कडेला मी चुरगळलेला होतो. बाहेरून कुणीतरी खोकलं. मग कडेकडून माझ्यावर एक लाट आली, आणखी एक आली, आणि चुण्या हळूहळू जाऊ लागल्या. हात दिसत नव्हता. पण तो हात कुणाचा, हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं.

आणि मग तो आवाज आला, जो फक्त मीच ऐकला असं मी समजत होतो.

"दिसलं असंल त्याला," भीमाबाई म्हणाल्या. "यील आता."

मला सारखा करणं चालूच होतं. नंतर जिन्यावर पावलं वाजली, यशोधरेचा आवाज आला की आई, रिक्षा आली, आणि चित्र संपलं.

यशोधरेनं पदर तोंडाला लावला. आईला कळू नये म्हणून तिनं जे मनात ठेवलं होतं, तेच आईच्याही मनात होतं. दोघींनी एकच वाट पाहिली आणि एकमेकींना सांगितली नाही.

सचिन म्हणाला की एवढा तुकडा कॉम्प्युटरवर घेऊन देतो, पण फाइल फार मोठी होईल.

"कमी करू नकोस," पंकज म्हणाला. "यातलं काहीच कमी करू नकोस."

बहीणभाऊ निघाले तेव्हा गोरक्षनं स्क्रू-ड्रायव्हरनं कॅसेटची टिकली मोडली आणि कॅसेट पंकजच्या हातात दिली. पंकज जिन्याकडे न जाता माझ्याकडे आला. डाव्या कडेला, आई उभी होती तिथे, त्यानं तळहात टेकवला. मी तेव्हा अगदी सरळ होतो, सारखं करण्यासारखं काहीच नव्हतं. तरी तो हात फिरवत राहिला.

दुसऱ्या दिवशी गोरक्षनं मला उतरवलं. आता तिथे झाडं आणि धबधबा छापलेला नवा पडदा आहे, लोकांना तो आवडतो. गोरक्ष टचिंग अजून करतो, पण आधी गिऱ्हाइकाला विचारतो की हे आहे ते राहू देऊ का. बहुतेक लोक नको म्हणतात. मग तो निमूट पेन्सिल उचलतो.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. माझा रंग विटला आहे, आज ना उद्या माझी लादी पुसायची फडकी होतील. सांगायचं एवढंच आहे. तुमचं कुणी दूर गावी असेल आणि तिथून त्याचं फार छान चित्र आलं, तर चित्र बघून निर्धास्त होऊ नका. त्यातून काय काय काढून टाकलं आहे, ते चित्र सांगत नाही. सवड काढा, एसटीत बसा आणि जाऊन या. तिकडे कुणीतरी तुम्हाला दिसलं असेल म्हणून वाट बघत असेल.

पंकजच्या त्या पानावर भीमाबाई अजून आहेत म्हणे. त्यानं ते चित्र काढलं नाही. पिवळ्या साडीत, लेकीच्या ओठांनी त्या जय भीम म्हणतात, हात सोडतात आणि पुन्हा जोडतात. त्यांच्या मागे काही नाही. मी तिथे असायला हवा होतो, त्यांना धरायला.